शंभर सह्यांमागचा बाप
कोल्हापूरचं वायल्डर मेमोरियल चर्च बहुतेकांना पत्ता सांगण्यापुरतंच ठाऊक असतं. हे वायल्डर म्हणजे १८५२ मध्ये इथं मिशन सुरू करणारे रॉयल वायल्डर. मुलगा रॉबर्टही जन्मला कोल्हापुरातच, १८६३ साली. पोरगा प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात २५१ विद्यार्थ्यांपैकी १०० जणांनी परदेशी मिशनकार्याच्या संकल्पावर सह्या केल्या, त्यामागे धडपड त्याची आणि प्रार्थना बहीण ग्रेसच्या. मग आणखी तरुण मिळवायला कॉलेजं पालथी घालायचा बेत ठरला, आणि नेमकी वडिलांची तब्येत ढासळलेली. (आपल्याकडे अशा वेळी चार नातेवाईक ‘आता कुठं निघालास?’ म्हणत दारातच उभे राहतात.) अमेरिकेत परतून प्रिन्स्टनहून मिशनचं नियतकालिक काढणाऱ्या त्या आजारी संपादक बापानंच पोराला ‘जा’ म्हटलं. रॉबर्ट कॉलेजांतून फिरला, २,००० हून अधिक तरुण तयार झाले. वडील १८८७ च्या ऑक्टोबरात गेले. विद्यार्थ्यांच्या या चळवळीच्या कौतुकात सह्यांचे आकडे ठळक आणि हा बाप तळटीपेत, हे साफ चूक आहे. आभारांचा पहिला मान त्याचाच. सह्या करणाऱ्यांना निदान बोटीची वाट पाहायला वेळ तरी होता, त्याच्याकडे तोही नव्हता. रॉबर्ट पुढे विद्यार्थ्यांतच काम करायला भारतात आला, ग्रेसही आली.