काळ्या कॉफीचं नाव 'तिंतो'

मैत्रिणींबरोबर बाहेर खायला जायचं म्हटलं की आपल्यापैकी अनेकींचा जीव अर्धा होतो. बिलामुळे नव्हे, ताटात काय येईल या विचाराने. न्यूयॉर्कमध्ये ३ वर्षं मी यावर एकच तोड काढली होती: 'पोट बरं नाही' म्हणायचं आणि संत्र्याचा रस पीत बसायचं.

गेल्या रविवारी ऑफिसातल्या दोघी मला जॅक्सन हाइट्सला घेऊन गेल्या. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर ७ नंबरची गाडी डोक्यावरून धडधडत जाते, खाली कोलंबियन लोकांची दुकानं. जवळच ७४व्या रस्त्यावर मसाला आणि हलाल मटण घ्यायला मी नेहमी येते, पण इकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. सहा टेबलांचं हॉटेल. वेळ ११ची, म्हणजे धड नाश्ता नाही, धड जेवण नाही.

एकजण मूळची कोलंबियाची. तिने कोणाला न विचारता सगळ्यांसाठी 'कालेंतादो' आणि 'तिंतो' मागवलं. स्पेनमध्ये तिंतो म्हणजे लाल वाइन, एवढं मला ठाऊक होतं, मी दचकलेच. ती हसून म्हणाली, "अगं, आमच्याकडे तिंतो म्हणजे साधी काळी कॉफी!"

कालेंतादो म्हणजे रात्रीचा उरलेला भात आणि राजमा एकत्र परतलेला, सोबत अंडं. आपल्या फोडणीच्या भाताचा भाऊच. पण तो राजमा पुष्कळदा डुकराचं मांस घालून शिजवतात. 'पोट' तोंडाशी आलंच होतं. का कोण जाणे, त्या दिवशी खरं बोलले.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे ३ वर्षं तू माझ्या घरून उपाशी जात होतीस?"

यावर काय बोलणार?

ती उठून आत स्वयंपाकीण मावशींशी बोलून आली. राजमा बाद. मावशींनी वेगळा तवा घेऊन तेलावर टोमॅटो-पातीच्या कांद्याची भुर्जी केली, सोबत 'आरेपा', म्हणजे मक्याची जाड भाकरी. मग गरम चॉकलेट आलं. ते फेसाळायला त्यांच्याकडे लाकडी 'मोलिनियो' असतो. हुबेहूब आजीची ताकाची रवी! साखरेला त्या 'आसूकार' म्हणतात, भाताला 'आर्रोस'. दोन्ही शब्द अरबीतून अंदलुसमार्गे स्पॅनिशमध्ये आलेले. त्या गोड चॉकलेटात चीजचे तुकडे बुडवून खातात. मला नाही आवडलं, आणि तेही सांगून टाकलं.

निघताना ती म्हणाली, "आता खरंच बोलायचं तर ऐक. तुझी ईदची बिर्याणी मला फार तिखट लागते. दरवर्षी पाण्याबरोबर गिळते मी."