डंकर्कचा बर्फ आणि आपल्या मोहल्ल्यातली सायकल

मुलीने सायकलवर लांब जाऊ नये, यासाठी आपल्याकडे दोन कारणं कायम तयार असतात. एक हवा आणि दुसरं लोक. ऊन आहे, पाऊस आहे, थंडी आहे; शिवाय रस्त्यात कोण कसा भेटेल सांगता येत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते. पालकसभेत ही दोन्ही कारणं दरवर्षी ऐकते. सातवीपर्यंतची शाळा मोहल्ल्यात असते, आठवीची पाच-सहा किलोमीटरवर. तिथे मुलीचं नाव हळूच हजेरीपटावरून गळतं. म्हणून आज अशा एका बाईबद्दल लिहिते आहे, जिने हवा आणि लोक या दोघांशीही महिनोन्महिने सामना केला.

तिचं नाव डर्वला मर्फी. आयर्लंडमधल्या लिस्मोर या छोट्या गावची. वडील ग्रंथपाल. दहाव्या वाढदिवसाला तिला दोन भेटी मिळाल्या, एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक. गावाजवळचा चढ चढताना तिच्या मनात आलं की, हे पाय असेच फिरवत राहिलो तर एक दिवस हिंदुस्थानात पोहोचू. पण चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली, कारण आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली होती. पुढची सोळा-सतरा वर्षं ती आईची सेवा करत राहिली. आई-वडील गेल्यानंतर, 14 जानेवारी 1963 रोजी, वयाच्या 31 व्या वर्षी ती फ्रान्समधल्या डंकर्कहून निघाली. एकटीच.

मुहूर्त याहून वाईट मिळाला नसता. 1962-63 चा हिवाळा युरोपातल्या विसाव्या शतकातल्या अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी एक. सायकलस्वाराला थंडी दोन बाजूंनी मारते. चढावर घाम फुटतो, उतारावर तोच घाम वाऱ्याने गार पडतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही, आणि बर्फावर ब्रेक दाबला तर चाक घसरतं. युगोस्लाव्हियात ती ज्या ट्रकमधून जात होती तो घसरून झाडावर आदळला. मदत शोधायला ती रात्री चालत निघाली, तेव्हा लांडग्यांनी तिला गाठलं. जवळच्या पिस्तुलाने तिने स्वतःला वाचवलं.

हे वाचून कुणी म्हणेल, वेडी बाई. मला तसं वाटत नाही. तिची तयारी पाहा. पिस्तूल चालवण्याचा सराव तिने गावीच केला होता. खराब रस्त्यावर बिघडतील म्हणून सायकलचे गिअर आधीच काढून टाकले होते. सुटे टायर पुढच्या मुक्कामांना पाठवून ठेवले होते. आणि बर्फाने रस्ता अडवला तेव्हा ट्रकमध्ये बसायला तिला कमीपणा वाटला नाही. जिद्द म्हणजे प्रत्येक मैल पायडल मारूनच कापायचा, असा तिचा हट्ट नव्हता. आपण मुलांना हिमतीच्या गोष्टी सांगतो, तेव्हा हा भाग गाळतो.

पुढे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान. तिच्या 'फुल टिल्ट' या 1965 च्या पुस्तकात हा प्रवास आहे. अफगाणिस्तानच्या तर ती प्रेमातच पडली. अनोळखी घरांनी तिला चहा दिला, भाकरी दिली, झोपायला जागा दिली. आपल्यातल्या अनेकांना हे वाचून अभिमान वाटेल. वाटावाच. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये मुसाफिर आहे, हे आपण लहानपणी पाठ केलेलं असतं. पण त्याच पुस्तकात तुर्कस्तानात रात्री खोलीत शिरलेला माणूसही आहे, आणि त्यालाही तिने पिस्तूलच दाखवलं. एकाने फक्त मेहमाननवाजी वाचायची आणि दुसऱ्याने फक्त पिस्तूल, हा अप्रामाणिकपणा झाला. रस्त्यावर दोन्ही असतं. तिच्या हिशेबात भली माणसं कितीतरी जास्त निघाली, आणि जुलै 1963 मध्ये ती दिल्लीत पोहोचली. तिथून पुढे तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी काम करायला गेली.

आपण मुलींना या हिशेबाची एकच बाजू शिकवतो, भीतीची. दुसरी बाजू त्यांना कळायला त्यांनी उंबरा ओलांडावा लागतो.

"मॅडम, हे गोऱ्यांचे शौक," असंही मला ऐकवलं जातं. तर मग पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीकडे पाहा. 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, तिने सुमारे 29 हजार किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी केली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं गेलं, रशियाच्या बर्फात तिने एकटीने रात्री काढल्या. तिचे आई-वडील तिच्या पाठीशी उभे होते. डर्वलाच्या बाबतीतही हेच. अंथरुणावरची आईच तिला थोड्या थोड्या दिवसांच्या सायकल-सहलींना पाठवत असे. दोघींच्या पायांत बळ होतं हे खरंच, पण घरातून कुणीतरी "जा" म्हटलं होतं.

आपल्या मुलींना दिल्ली गाठायची नाही, हायस्कूल गाठायचं आहे. बिहारमध्ये 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. तिथल्या अभ्यासात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि शाळा जिथे तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब, तिथे फरक जास्त. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पण घरी आलेली सायकल भाईजान दुकानाला जायला नेतो आणि बहीण घरी बसते, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सायकल मुलीच्या नावाची असेल तर ती तिच्याच हातात राहू द्या. मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलींना एकत्र निघू द्या. ओढणी किंवा बुरखा चाकात अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवा, मागच्या चाकाला जाळी लावा. पंक्चर काढायला शिकवा. पावसाळ्यासाठी रेनकोट घ्या आणि दप्तराला प्लास्टिकची पिशवी. पूल पाण्याखाली गेला तर त्या दिवशी मागे फिरायचं, हेही सांगून ठेवा. एवढं करूनही एखाद्या अम्मीला काळजी वाटली, तर पहिला आठवडा तिने सोबत जावं. दुसऱ्या आठवड्यात मुलगीच म्हणेल, अम्मी, आता मी जाते.