बिल त्यांच्या नावावर, तक्रार मात्र आपली!

मैत्रिणींनो, आपल्या लोणंदसारख्या गावात दुचाकी आता चैनीची राहिलेली नाही. बाजाराला, मुलांच्या क्लासला, कंपनीतल्या कामाला, नाहीतर नीरेला, फलटणला जायचं तर एसटीची वाट तरी किती बघायची? गाडी दारात आली आणि तिच्याबरोबर हौसही आली. कुणी मोटारसायकलला रेडिओ आणि स्पीकर बसवून घेतं, कुणाच्या नव्या स्कूटरवर मोबाईलला जोडणारा स्क्रीन कंपनीतूनच बसवून येतो. चार महिने सगळं छान चालतं. मग एक पाऊस होतो आणि रेडिओ नुसता खरखरायला लागतो, नाहीतर मुकाच होतो.

खरी परीक्षा इथून पुढे. शोरूमवाले म्हणतात, ‘हा आमच्या कंपनीचा पार्ट नाही, रेडिओवाल्यांना फोन करा.’ रेडिओवाले म्हणतात, ‘ज्यानं बसवून दिला त्याच्याकडे जा.’ दोन-तीन खेपा होतात, वॉरंटीचे महिने मात्र संपत जातात. त्यातून बाई एकटी गेलेली असेल तर वर ऐकायला मिळतं, ‘ताई, घरच्यांना पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो.’ बिल मालकांच्या नावावर असतं, म्हणून आपणही मुकाट्यानं परत येतो.

हा प्रश्न हजार-दोन हजारांच्या रेडिओपुरता आहे असं समजू नका. आज रेडिओसाठी परत फिरलो की उद्या बॅटरीसाठी, परवा ब्रेकसाठी, मग फ्रिज आणि मिक्सरसाठी फिरावं लागतं. काउंटरवरून गप्प परत यायची सवय लागली की ती सहजासहजी सुटत नाही.

आणि गंमत बघा, कायदा आपल्याला परत फिरायला सांगतच नाही! ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. दोन्ही कायद्यांत ग्राहक म्हणजे फक्त पैसे मोजणारा नव्हे. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणारी व्यक्तीसुद्धा ग्राहकच. म्हणजे बिल नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या किंवा मुलाच्या नावावर असलं, तरी रोज ती गाडी चालवणारी बाई स्वतःच्या नावानं तक्रार करू शकते. ‘घरच्यांना पाठवा’ म्हणणाऱ्याला हे एक वाक्य शांतपणे ऐकवावं. आवाज चढवायची गरज नाही.

मात्र हक्क सांगायचा तर आपली बाजूही पक्की हवी. आधी दोष कुठे आहे तो पाहा. इंजिन बंद असताना रेडिओ स्वच्छ लागतो आणि गाडी सुरू केली की खरखरतो, तर बहुधा स्पार्क प्लगच्या ठिणगीचा त्रास आहे किंवा अर्थिंगची वायर ढिली आहे. घाटात, डोंगराच्या आड आवाज जातो आणि मोकळ्या माळावर परत येतो, तर तो एफएमच्या लहरींचा स्वभाव आहे, यंत्राचा दोष नाही. आणि सगळीकडे, सगळ्याच वेळी बंद, तर मात्र सेट किंवा त्याची जोडणी बिघडली. ‘रेडिओ चालत नाही’ एवढंच न सांगता केव्हा, कुठे आणि कसा चालत नाही ते सांगितलं, की समोरच्यालाही टोलवणं अवघड जातं.

दुसरं म्हणजे, वॉरंटीत असलेली वस्तू बाहेरच्या वायरमनकडून उघडून घेऊ नका. मूळ वायरिंग कापलेलं दिसलं, जोराच्या फवाऱ्यानं गाडी धुताना पाणी आत गेलं किंवा ठरलेलं सर्व्हिसिंग चुकवलं, तर वॉरंटी नाकारायला शोरूमला कारण मिळतं. आणि काही वेळा ते कारण खरंही असतं. वॉरंटी म्हणजे सगळं फुकट, असंही नाही. घासून झिजणारे भाग, ऑइल असल्या गोष्टी सहसा त्यात धरत नाहीत. बॅटरीचं आणि वेगळ्या बसवलेल्या रेडिओचं कार्ड बऱ्याचदा स्वतंत्र असतं. म्हणून खरेदीच्या वेळीच रेडिओचं वेगळं पक्कं बिल घ्या. त्यावर शोरूमचं नाव, शिक्का, तारीख आणि ‘बसवून दिला’ हे शब्द असू द्या. बसवला कुणी, हा वाद तिथंच मिटतो.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कागद. गाडी सर्व्हिसिंगला सोडताना जॉब कार्ड मिळतं. त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. ‘कॉम्प्युटरमध्ये टाकलंय ताई’ यावर विसंबू नका. गाडी परत घेताना रेडिओ तिथेच लावून बघा, मगच सही करा. बरा झाला नसेल तर तसं सहीच्या वर लिहा. एकच बिघाड तीन वेळा दुरुस्तीला गेला हे आपण सांगून पटत नाही, तारखांची तीन जॉब कार्डं ते सिद्ध करतात. फोनवर बोलणं झालं तरी मागोमाग दोन ओळींचं पत्र किंवा ई-मेल पाठवाच. तो मजकूर मुलीकडून टाइप करून घेतला तरी चालेल, खाली नाव मात्र आपलं असावं.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. या तक्रारी वाया जात नाहीत. एका वर्षात ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरविषयी या हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी जमल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्या कंपनीला नोटीस काढली होती. बहुतेक तक्रारी सोडवल्याचं कंपनीनं कळवलं. पण विचारणा झाली ती लोकांनी तक्रारी नोंदवल्या म्हणूनच ना?

हेल्पलाइननंही भागलं नाही तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू पुण्यात घेतलेली असली तरी आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्यानं केलेली मोठी सोय. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका. शोरूम आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं, झालेल्या त्रासाची भरपाई देणं, असे आदेश आयोग देऊ शकतो. निकालाला वेळ लागतो हे खरं, पण रीतसर नोटीस गेली की तडजोडीचं बोलणं बऱ्याचदा तिथेच सुरू होतं.

ग्राहकाच्या हक्कासाठी उभं राहणं महाराष्ट्रातल्या बायकांना नवीन नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या गृहिणी हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं घरोघर वाणसामान वाटायचं काम कितीतरी गृहिणींनी वर्षानुवर्षं सांभाळलं. १९८६ च्या कायद्यानं तर जिल्हा मंचाच्या दोन सदस्यांपैकी एक महिला असलीच पाहिजे, असं ठरवून दिलं होतं. न्याय द्यायच्या खुर्चीत बाई बसली, मग न्याय मागायला काउंटरपुढे बाईनं उभं राहायला संकोच का करावा?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीनं घरातली वॉरंटी कार्डं आणि बिलं डब्यातून बाहेर काढून आणावीत. कोणाची मुदत कधी संपते त्याची एक यादी करू. जिची वस्तू बिघडलेली आहे तिची तक्रार तिथेच बसून लिहू. आणि शोरूमला जाताना दोघी-तिघी मिळून जाऊ. भांडायला नव्हे, जॉब कार्डाची प्रत घ्यायला.