बाणापुढचे नाव कशावरून?

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय असो की सावंगी (मेघे)चे, पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजी जर्नलमध्ये सेरेब्रमच्या आकृतीत सहा थर असतात आणि चेतापेशींना मुख्यतः दोनच नावे: पिरॅमिडल आणि ग्रॅन्युल. आपण सही करतो आणि पुढच्या स्लाइडकडे वळतो. यातले दुसरे नाव आता असे सोडून देता येणार नाही.

एच अँड ई स्लाइडवर ग्रॅन्युल म्हणून दाखवलेली लहान पेशी चौथ्या थरातली काटेरी ताराकृती पेशी असू शकते. ती ग्लुटामेट सोडून पुढच्या पेशीला चेतवते. तशीच दिसणारी शेजारची पेशी गाबा सोडून पुढच्या पेशीला आवरणारी इंटरन्यूरॉन असू शकते. कामे परस्परविरुद्ध, आणि बाणापुढे दोघींना एकच नाव!

गॉल्जीने 1873 साली शोधलेल्या रंगक्रियेत डेंड्राइट स्पष्ट दिसतात, पण मोजक्याच पेशी रंगतात. म्हणून तिच्यावरून आकार सांगावा, प्रमाण सांगू नये. चेतापेशींचा अभ्यासक काहाल याच्या जन्मगावी, स्पेनमधल्या पेतिया येथे, 2005 साली तज्ज्ञ जमले ते इंटरन्यूरॉनच्या नावांचा घोळ मिटवायला. 2008 साली त्यांनी प्रसिद्ध केली ती प्रकारांची यादी नव्हे, तर आकार, रेणू आणि विद्युत-वर्तन यांची लक्षणे नोंदवण्याची परिभाषा. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

2018 साली सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन संस्थेने उंदराच्या कॉर्टेक्सच्या दोन भागांतील 23,822 पेशींची जनुक-अभिव्यक्ती तपासून 133 प्रकार मांडले. आवरणाऱ्या पेशींचे बहुतेक प्रकार दोन्ही भागांत सारखेच निघाले. चेतवणाऱ्या पेशींचे मात्र बहुतांशी भागागणिक वेगळे.

प्रकार घडतो कसा, हे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या गटाने 2017 साली उंदरांत दाखवले. वाढत्या कॉर्टेक्समधून एलएचएक्स-2 हे जनुक काढले, तेव्हा सीटिप-2 असलेल्या, म्हणजे कॉर्टेक्सबाहेर खाली तंतू धाडणाऱ्या वर्गाच्या पेशी वाढल्या. हे काम वर्गात सांगायलाच हवे.

आपल्याकडे काय करता येईल? वर्षानुवर्षे फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या शवांच्या मेंदूतील आरएनए जनुक-अभिव्यक्तीच्या अशा मोजणीच्या कामाचा नसतो. पण पॅथॉलॉजी विभाग गाठींच्या निदानासाठी वापरतो तीच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री इंटरन्यूरॉनच्या काही प्रकारांची खूण असलेल्या पार्व्हाल्ब्युमिन किंवा कॅलरेटिनिनच्या प्रतिपिंडांनी पॅराफिन ब्लॉकवर करता येते. ब्लॉक मात्र कमी काळ फिक्स केलेला घ्यावा, कारण लांबलेल्या फिक्सेशनने रंग फिका पडतो. असा एक छेद एच अँड ईच्या शेजारी मांडावा, आणि जर्नलमध्ये प्रत्येक बाणापुढे नाव कशावरून दिले ते लिहून घ्यावे: आकारावरून, थरावरून की रेणूवरून. येत्या बॅचपासून हे सुरू व्हावे, अशी दोन्ही महाविद्यालयांच्या अ‍ॅनाटॉमी विभागांना आमची विनंती आहे.