क्रोम अपडेट होत नसेल तर हे वाचा

सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था क्रोम ब्राउझरबद्दल वारंवार इशारे देते. लगेच 'क्रोम वापरणाऱ्यांनो सावधान' अशा मथळ्याच्या बातम्या येतात आणि व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. इशाऱ्यात एक लांबलचक आकडा असतो. विंडोज आणि मॅकवर अमुक आवृत्तीच्या आधीचं क्रोम धोक्याचं, लिनक्सवर तमुकच्या आधीचं. वाचणारा खिशातला मोबाईल काढतो, आपला आकडा बघतो, तो जुळत नाही आणि त्याला धडकी भरते. काही जण तर दरवेळी घाबरून इतके कंटाळलेत की आता काहीच करत नाहीत. मला जास्त काळजी त्यांची वाटते.

आकडा जुळत नाही यात घाबरण्यासारखं काही नाही. एकाच क्रोमचे विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रती तयार होतात आणि त्यांचे शेवटचे अंक बऱ्याचदा वेगळे असतात. नवी मोठी आवृत्ती सगळ्यांना एकाच दिवशी दिलीही जात नाही. आधी थोड्या लोकांकडे पाठवतात, काही बिघडतंय का ते पाहतात, मग बाकीच्यांना सोडतात. तुमच्या भावाच्या लॅपटॉपवर सोमवारी आलेलं अपडेट तुमच्या फोनवर शुक्रवारी आलं तर फोन खराब आहे असं समजू नका.

पण उशीर होणं आणि अपडेट कायमचं बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट चार दिवसांनी येणार आहे की कधीच येणार नाही, हे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरतं. म्हणून आधी फोन किंवा संगणक कोणत्या सिस्टिमवर चालतो ते बघा.

सिस्टिम बघून कुणाला आधी, कुणाला उशिरा देण्याचा हा भेदभाव जुना आहे. क्रोम २ सप्टेंबर २००८ रोजी आलं ते फक्त विंडोजसाठी. मॅक आणि लिनक्सवाल्यांना चाचणी आवृत्ती डिसेंबर २००९ मध्ये मिळाली आणि पक्की आवृत्ती मे २०१० मध्ये. २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ आलं, पण ते विंडोज एक्सपीवर चालत नव्हतं. आपल्याकडे तेव्हा कितीतरी कार्यालयं एक्सपीवर होती, ती आठव्या आवृत्तीवरच अडकून राहिली. २०१२ मध्ये अँड्रॉइडवर क्रोम आलं तेही अँड्रॉइड ४ आणि त्यापुढच्याच फोनसाठी. त्याआधीच्या बहुतेक स्वस्त अँड्रॉइड फोनवर देवनागरी नीट उमटतच नसे, मराठीच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनीमध्ये एक आडवळणाची सेटिंग बदलली की मजकूर चित्र होऊन यायचा आणि वाचता यायचा. अनेकांनी मोबाईलवर मराठी पहिल्यांदा वाचलं ते असं. उशिरा मिळणं आपल्याला नवं नाही. फरक एवढाच की तेव्हा उशीर झाला तर सोय हुकायची, आता बँकेतले पैसे जाऊ शकतात.

कारण असं. क्रोम ज्या क्रोमियमवर उभं आहे त्याचा कोड उघडा आहे. एखादी फट बुजवली की ती दुरुस्ती जाणकाराला तिथे दिसते आणि चोरालाही दिसते. दुरुस्ती झाल्यापासून ती तुमच्या यंत्रात पोचेपर्यंतचा काळ चोराच्या फायद्याचा. गुगलने सप्टेंबर २०२१ पासून सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांनी मोठी आवृत्ती आणायला सुरुवात केली होतीच, आणि चोराच्या फायद्याचा हा काळ कमी करण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून मधल्या काळात सुरक्षेची दुरुस्ती दर आठवड्याला द्यायचं ठरवलं. ज्या यंत्राला अपडेट मिळणंच बंद झालंय, त्याच्यासाठी हा काळ संपतच नाही.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे या. औरंगपुऱ्यात, टीव्ही सेंटरला, विद्यापीठाच्या परिसरात 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशा पाट्या लावलेली दुकानं आहेत. जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून शिकायला आलेली मुलं तिथे जातात. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, प्रवेश, स्पर्धा परीक्षा, सगळं तिथेच. त्या एका संगणकावरून दिवसभरात कितीतरी लोकांचे आधार क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी जातात. घरातला जुना संगणक एका कुटुंबाला धोका देतो, दुकानातला जुना संगणक अख्ख्या गल्लीला देतो. म्हणून दुकानदार मित्रांनो, पहिली विनंती तुम्हाला.

क्रोमच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा, मदत उघडा, 'गुगल क्रोमविषयी' दाबा. आकडा १०९ ने सुरू होत असेल तर तुमचा संगणक बहुधा विंडोज ७ किंवा ८ वर आहे. त्या दोन्हींसाठीचं ते शेवटचं क्रोम, जानेवारी २०२३ चं. त्यानंतरची कुठलीच दुरुस्ती तुम्हाला मिळालेली नाही आणि मिळणारही नाही. फायरफॉक्सने जुन्या विंडोजसाठी ११५ ही आवृत्ती वेगळी जिवंत ठेवली आणि तिची मुदत अनेकदा वाढवली, त्याबद्दल ते बनवणाऱ्या मोझिलाचे आभार. पण त्या मुदतवाढीच्या भरवशावर धंदा चालवू नका.

विंडोज १० वाल्यांनी गोंधळून जाऊ नये. मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून क्रोम त्याच दिवशी बंद पडलं असं नाही. एज ब्राउझरला तर विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ असं कंपनीने सांगितलं आहे. मात्र ब्राउझर ताजा आणि खालचं विंडोज उघडं, हा अर्धाच बंदोबस्त झाला. वाढीव सुरक्षेची जी योजना घरगुती ग्राहकांना दिली आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. तेवढ्या काळात पुढची तजवीज करा.

खर्चाची अडचण मला कळते. ज्या यंत्रावर फक्त फॉर्म आणि ईमेल चालतो, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकता येईल. ते फुकट आहे आणि त्यावर ताजा ब्राउझर मिळतो. बोटांचे ठसे घेणारं यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासा, नाहीतर ऐन गर्दीत खोळंबा होईल. आणि एक साधी गोष्ट, जी जवळपास कुणीच करत नाही: रात्री शटर ओढण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद करा. अपडेट उतरून बसलेलं असतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागू होत नाही. पंधरा टॅब उघडे ठेवून आठवडाभर संगणक नुसता झोपवून ठेवला तर आलेल्या दुरुस्तीचा काही उपयोग नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमचा प्रश्न फोनचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ ला किमान अँड्रॉइड १० लागतं. अँड्रॉइड ८ किंवा ९ चा फोन १३८ वर थांबला. जुना फोन विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळे विचारतात. त्याच्याआधी सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडचा आकडा बघा. दहाच्या खाली असेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. घरात तसाच फोन असेल तर तो गाणी आणि व्हिडिओला ठेवा, बँकेचं काम त्यावर नको. आयफोनची तऱ्हा निराळी. आपल्याकडे आयफोनवरचा कुठलाही ब्राउझर आतून ॲपलच्याच वेबकिट इंजिनावर चालतो, त्यामुळे क्रोमचा आकडा ताजा असला तरी आयओएस अपडेट केल्याशिवाय काम पुरं होत नाही.

आणि कृपा करून, अपडेट येत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल टाकू नका. २०२४ मध्ये ब्रोकवेल नावाचा घातकी प्रोग्राम क्रोमच्या खोट्या अपडेट पानाआडूनच अँड्रॉइड फोनमध्ये शिरत होता. अपडेट प्ले स्टोअरमधून घ्या, संगणकावर ब्राउझरच्या स्वतःच्या मदत पानावरून घ्या. वेबसाइट बघताना मध्येच 'तुमचा ब्राउझर जुना आहे, इथे दाबा' असं आलं तर ते पान बंद करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

सरकारी पोर्टल बांधणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. एके काळी डिजिटल सहीसाठी इंटरनेट एक्सप्लोररच हवं, अशी सक्ती कितीतरी पोर्टलवर होती, आणि त्यापायी लोकांनी जुना ब्राउझर वर्षानुवर्षं जपून ठेवला. तुमचं पान नव्या लॅपटॉपवर उघडलं म्हणजे तपासणी झाली असं मानू नका. अँड्रॉइड १० च्या साध्या फोनवर आणि फायरफॉक्सवर तोच फॉर्म शेवटपर्यंत भरून बघा.

विद्यापीठाच्या आवारात नायलिट या केंद्र सरकारच्या संगणक प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे, स्टेशन रोडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शहरात संगणक शिकणारी मुलं भरपूर आहेत. प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा हंगाम सुरू होण्याआधी त्यांनी दोन-दोनच्या जोडीने आपापल्या भागातल्या फॉर्मच्या दुकानांत जावं, संगणकांचे आकडे बघावेत, थांबलेली यंत्रं मालकांना दाखवून द्यावीत. प्राध्यापकांनी या कामासाठी मुलांना एक शनिवार मोकळा द्यावा.