नाव ऐकू नये, खुणा पाहाव्यात

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी मासळी शिजते. ताटातील तुकडीची चव आम्हांस अचूक कळते. परंतु बाजारात टोपलीसमोर उभे राहून ‘हा मासा कोणता?’ असे कोणी विचारले, तर आम्ही निरुत्तर होतो. सागरकिनारी वाढलेल्या मुलांस हे शोभत नाही. शिवाय प्रश्न केवळ शोभेचा नाही.

बांगडा, सुरमई आणि कुपा हे एकाच कुळातील मासे आहेत, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. प्राणिशास्त्रात या कुळास स्कॉम्ब्रिडी म्हणतात व त्यात पन्नासाहून अधिक जाती आहेत. कुळाची खूण शेपटीकडे पाहावी. पाठीवरचा दुसरा पर जेथे संपतो, तेथून शेपटीपर्यंत सुटे, चिमुकले पर ओळीने उभे असतात. पोटाच्या बाजूसही तसेच. बांगड्यास ते वर 5 व खाली 5 असतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस दोन-दोन बारीक कंगोरे असतात. सुरमई व कुपा यांना त्या दोहोंच्या मधे आणखी एक मोठा कंगोरा असतो. बोट फिरविले की तो हाताला लागतो.

नावावर मात्र विसंबू नये. महाराष्ट्रात जी सुरमई, तीच आमच्या गोव्यात इसवण, मंगळूरकडे अंजल आणि तमिळनाडूत वंजरम. उलट, सुरमई या एका नावाखाली निरनिराळ्या जातीही विकल्या जातात. त्यांपैकी एकीच्या अंगावर उभे, नागमोडी पट्टे असतात, आणि बाजूची रेषा दुसऱ्या पराच्या शेवटाशी एकदम खाली वळते. दुसरीच्या अंगावर पट्टे नसून गोल ठिपक्यांच्या रांगा असतात, आणि रेषा हळूहळू उतरत जाते.

हा भेद किरकोळ नाही. ठिपक्यांची सुरमई 55 सेंटिमीटरांची झाली, म्हणजे ती प्रौढ होऊन अंडी घालण्याजोगी झालेली असते. पट्ट्यांची सुरमई दोन मीटरांहूनही अधिक वाढू शकते. ती सुमारे 70 सेंटिमीटरांची होईपर्यंत प्रौढ होत नाही. म्हणजे एकाच लांबीचे दोन मासे शेजारी ठेवले, तर त्यांतील एक पुरता वाढलेला आणि दुसरा अजून बाळ, असे असू शकते. तराजूस हे कळत नाही, डोळ्यांस कळते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थी मोजपट्टी घेऊन बाजारात गेलो होतो. एका टोपलीत हातभर लांबीच्या, पट्ट्यांच्या इसवणी होत्या. “मावशी, ही लहान जातीची का?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “लहान जात नव्हे रे बाबा, बाळ आहे ते! पण गिऱ्हाईक मागते, म्हणून आणावे लागते.” जे आम्हांस पुस्तकात शोधावे लागले, ते त्यांनी एका दृष्टिक्षेपात सांगितले.

कोणी म्हणेल, नौका मोठ्या, जाळी मोठी. तेथे शाळकरी मुलांच्या ओळखीने काय साधणार? आक्षेप अगदीच खोटा नाही. केरळने 2015 साली आणि महाराष्ट्राने 2023 साली मासळीची किमान लांबी नियमाने ठरविली. परंतु जातीगणिक लांबी वेगळी असल्यामुळे, ज्याला जात ओळखता येत नाही त्याच्या हाती तो नियम नुसता कागदच राहतो. ‘गिऱ्हाईक मागते’ हे त्या मावशींचे वाक्य आपल्याच घराकडे बोट दाखविते. बाळ-मासा आपण मागितला नाही, तर टोपलीत येण्याचे एक कारण तरी कमी होईल.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे की, विज्ञानाच्या तासाला माशाचे चित्र काढून थांबू नये. मेजावर खरा बांगडा यावा. त्याचे पर मुलांनी मोजावेत. वर्षातून एकदा एखाद्या मासळी विकणाऱ्या मावशींस शाळेत मानाने बोलवावे आणि त्यांचे ज्ञान ऐकावे. त्यास खर्च थोडा येईल, संकोच मात्र अधिक वाटेल. तो संकोच सोडावा. जो समुद्र आपणांस पोसतो, त्याच्या लेकरांना निदान ओळखावे, एवढे तरी त्याचे ऋण आपल्यावर आहे.