किराण्याचा खेळ आणि खिचडीचा हिशेब

अमेरिकेत १९६५ साली ‘सुपरमार्केट स्वीप’ नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. किराणा मालाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, त्या बळावर वेळ मिळवावयाचा आणि मग ढकलगाडी घेऊन दुकानभर धावत सुटावयाचे. ज्याच्या गाडीतील मालाचे बिल सर्वांत मोठे, तो विजयी! अधिकाधिक खरेदी हाच पुरुषार्थ मानणाऱ्या समाजाने आपल्या करमणुकीसाठी याहून प्रामाणिक खेळ शोधला नसता.

यवतमाळ जिल्ह्यात हा खेळ रोज उलटा खेळला जातो. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत बिल सर्वांत लहान ठेवावे लागते आणि कोलामांच्या, शेतमजुरांच्या पोरांची पोटेही भरावी लागतात. शालेय पोषण आहारासाठी तांदूळ सरकार पुरवते. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन यांसाठी प्राथमिक शाळेतील मुलामागे १ मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरलेले आहेत. म्हणजे शंभर मुलांचे झाले ६७८ रुपये. सरकारी प्रमाणाप्रमाणे त्यात २ किलो डाळ, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल बसले पाहिजे, चूलही पेटली पाहिजे. ज्यांना हा दर उदार वाटत असेल, त्यांनी ही यादी यवतमाळच्या कोणत्याही वाण्याकडे टाकून पाहावी. शिवाय बाजार कडाडला म्हणून हा आकडा जागचा हलत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेले, तेव्हाही मुलामागे ५ रुपये ४५ पैसेच मिळत होते. ऑक्टोबर २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळात त्यात एका पैशाचीही भर पडली नाही.

आणि ही डाळ पिकवतो कोण? कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास टाकणारा याच जिल्ह्यातील शेतकरी. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ दुकानात २०० रुपयांवर गेली, तेव्हा त्याच्या घरात तूर उरलेली नव्हती. २०१७ मध्ये घर तुरीने भरले, तेव्हा ५०५० रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला आणि खुल्या बाजारात क्विंटलला चार हजारही मिळेनात.

अशा प्रदेशाकडे दूरचित्रवाणीची दृष्टी केव्हा वळते? २०११ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी ‘कौन बनेगा करोडपती’त गेली आणि ६ लाख ४० हजार रुपये जिंकून आली. २०१९ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी तेथे एक कोटी जिंकले. ताडे शाळेत खिचडी शिजवीत असत. मानधन महिना १५०० रुपये. एवढ्या पैशांचे काय कराल, असा प्रश्न आला, तेव्हा त्यांना एक मोबाईल फोन हवा होता. देशाचे डोळे पाणावले! ताडे यांची विद्वत्ता खरी होती, जिद्दही खरी होती. आक्षेप आहे तो पाणावलेल्या डोळ्यांवर. कारण त्या आसनावर इतके प्रश्न विचारले गेले, परंतु शेकडो मुलांना जेवू घालणाऱ्या बाईला १५०० रुपयेच का, हा प्रश्न कोणत्याही रकमेसाठी विचारला गेला नाही. तो विचारला असता तर प्रायोजकांची मोठी पंचाईत झाली असती.

सरकारची पंचाईत मात्र मुळीच झाली नाही. अशा बक्षिसावर कायद्याने ३० टक्के कर उगमापाशीच कापला जातो. कोटीचे किमान ३० लाख. हे मानधन वर्षाचे दहा महिनेच मिळते, म्हणजे तेव्हाच्या दराने साल १५,००० रुपये. सरकारने एका संध्याकाळच्या करातून एका स्वयंपाकिणीचे दोनशे वर्षांचे मानधन वसूल करून घेतले!

‘मानधन’ हा शब्दही मोठ्या धूर्तपणे योजलेला आहे. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा आला, भविष्यनिर्वाह निधी आला, बाळंतपणाची रजा आली. मान दिला की धन द्यावे लागत नाही. केंद्राने डिसेंबर २००९ पासून महिना १००० रुपये ठरवले; राज्याने ते २०१९ मध्ये १५०० आणि २०२३ मध्ये २५०० केले. दिवसाचे पडले सुमारे शंभर. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुराचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, आणि तोही कोणी चैनीचा म्हणणार नाही.

स्वयंपाकिणींची मागणी लाखाच्या बक्षिसाची नाही. त्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा हवी आहे. योजनांमध्ये राबणाऱ्यांना हे सारे द्यावे, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली. त्या परिषदेत सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे, असे तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी हजर होते.